पॉलिनेशियाला जाताना तिकिटाआधी मार्ग ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॉलिनेशियावरच्या, म्हणजे प्रशांत महासागरातल्या सामोआ, टोंगा, ताहिती अशा बेटांवरच्या लेखांत निळे पाणी भरपूर असते, पण नाशिकचा प्रवासी अडतो तो वाटेतल्या व्हिसावर. सामोआत भारतीय पासपोर्टवर विमानतळावरच प्रवेश परवाना मिळतो आणि कुक बेटांवर ३१ दिवस व्हिसाविना राहता येते, एवढे वाचून लोक तिकीट काढून मोकळे होतात. पण कुक बेटांवरच्या रारोटोंगाला जाणारी विमाने मुख्यतः ऑकलंड, सिडनी, होनोलुलूहून सुटतात. तिथे नुसते विमान बदलायलाही भारतीयाला त्या त्या देशाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरूनच परत फिरावे लागते.

सामोआसाठी सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे फिजीतल्या नांदीला पोचून पुढे जाणे त्यामुळे सोयीचे. फिजीला भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. तिकिटे वेगवेगळी असली की मधल्या विमानतळावर सामान घ्यायला बाहेर यावे लागते आणि व्हिसाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहितीवर फ्रान्सची सत्ता असली तरी ते शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. म्हणून व्हिसाच्या अर्जातच फ्रेंच पॉलिनेशियाचा स्पष्ट उल्लेख करावा.

हॉटेलचे बुकिंग चुकते ते वाररेषेमुळे, म्हणजे जी ओलांडली की तारीख बदलते त्या प्रशांत महासागरातल्या कल्पित रेषेमुळे. ऑकलंडहून शनिवारी सकाळी निघालेले विमान रारोटोंगाला शुक्रवारी दुपारी उतरते. डिसेंबर २०११ मध्ये सामोआने वाररेषेची बाजू बदलली, म्हणून शेजारच्या अमेरिकन सामोआत आजही तारीख एक दिवस मागे असते. खोलीची तारीख तिकिटावरच्या उतरण्याच्या तारखेवरूनच घ्यावी.

टोंगात रविवारी दुकाने आणि विमानसेवा बंद असतात. सामोआच्या खेड्यांत संध्याकाळी प्रार्थनेची घंटा किंवा शंख वाजला की रस्त्यावरून फिरू नये.

शाकाहारींनी सामोआत 'पालुसामी' मागावी. आळूची पाने, नारळाचे दाट दूध आणि कांदा तापलेल्या दगडांवर शिजवतात. त्यात 'पिसुपो', म्हणजे डब्यातले गोमांस, नाही ना, हे मात्र आधी विचारावे. टोंगातल्या 'लू' या तशाच पानांत शिजवलेल्या पदार्थात बहुधा मांस असतेच. इथून चिवडा, बेदाणे सीलबंद पाकिटात न्यावेत आणि प्रवेशाच्या अर्जात लिहावेत. ताजी द्राक्षे, बिया, मध नेऊच नयेत. न कळवलेला असा माल ऑकलंडला सापडला तर जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.

सामोआ आणि कुक बेटांवर इंग्रजी चालते, ताहितीत जुजबी फ्रेंच हवेच. तरी स्थानिक भाषेत नमस्कार आणि आभार यावेतच, कारण खेड्यात बोलणे तिथूनच सुरू होते. सामोआत 'तालोफा' आणि 'फाअफेताई', कुक बेटांवर 'किया ओराना' आणि 'मेइताकी', ताहितीत 'इआ ओराना' आणि 'माउरुउरु'. लागोपाठ आलेले स्वर सुटे उच्चारावेत. रोमन अक्षरावरची आडवी रेघ दीर्घ स्वर दाखवते आणि शब्दातल्या स्वल्पविरामासारख्या खुणेपाशी घशात क्षणभर अडायचे असते. सामोअन लिपीतला 'जी' म्हणजे आपल्या वाङ्मयातला ङ. ङ आणि दीर्घ आ, ई, ऊ देवनागरीत सहज उतरतात, पण घशातल्या अडण्याला देवनागरीत वेगळे अक्षर नाही, म्हणून वहीत असे शब्द देवनागरीत लिहून शेजारी रोमन रूपही ठेवावे.

आपल्या पुरवणीतही 'पागो पागो' (अमेरिकन सामोआची राजधानी), 'नाडी' अशी रोमन स्पेलिंगवरून उतरवलेली नावे न देता 'पाङो पाङो', 'नांदी' असे स्थानिक उच्चार छापावेत, ही विनंती.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक