सूचना: जिन्याखालचं खाणं आणि पाळीव कुत्र्यांची लस

सर्व सभासदांना नमस्कार.

भटक्या कुत्र्यांसाठी जिन्याखाली शिळ्या पोळ्या, दूधभात ठेवणं आजपासून बंद करावं, ही कळकळीची विनंती. पोट्टे तिथूनच सायकली काढतात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालायची जागा जिना, गेट आणि खेळायच्या जागेपासून दूर हवी. आपण मागच्या भिंतीजवळची, मोटरपलीकडची जागा ठरवली आहे. खाऊ घालणाऱ्यांनीच ती झाडून घ्यावी. पाण्याचं भांडं मात्र राहू द्या, नागपूरचं ऊन आहे.

"कुत्र्यांना उचलून दूर सोडून या" असं पुन्हा पुन्हा लिहिलं जातं. ते नियमात बसत नाही, आणि रिकाम्या जागी लस न टोचलेली नवी कुत्री येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशातही नसबंदी, लसीकरण करून कुत्रं त्याच भागात सोडायला सांगितलं आहे; रेबीजची शंका असलेलं किंवा आक्रमक तेवढं वगळून. आपल्या भुरीच्या कानाला खाच आहे, म्हणजे तिची नसबंदी झालेली आहे. तिला दगड मारू नका.

कुणाला चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या.

कुत्रं पाळणाऱ्यांनी पट्टा बांधूनच खाली आणावं, घाण स्वतः उचलावी. रेबीज लसीच्या कार्डाची झेरॉक्स रविवारपर्यंत ऑफिसात द्यावी.

– सचिव