पॉलिसीतली 'वापराची मर्यादा' वाचतो कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य विमा आणि आयुर्विमा यांवर वर्तमानपत्रांत सतत काही ना काही छापून येते. ज्या टेम्पोवर, पिकअपवर किंवा मालवाहू रिक्षावर एखाद्याचा सगळा धंदा चालतो, तिच्या विम्याला मात्र सहसा जागा मिळत नाही. छोट्या दुकानदारांचे आणि कारखानदारांचे हिशेब लिहिणे हे माझे काम. हप्ता खर्चाला टाकायचा म्हणून गाडीची पॉलिसी माझ्याकडे येते, आणि मालकाने ती उघडूनही पाहिलेली नसते. पोलिसाने अडवले तर दाखवायचा कागद, एवढीच तिची किंमत.

त्या कागदात 'वापराची मर्यादा' सांगणारा एक मजकूर असतो. खासगी मोटारीच्या पॉलिसीत तो स्पष्ट म्हणतो की भाड्याने किंवा मोबदला घेऊन गाडी वापरता येणार नाही; तसेच नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून मालाची वाहतूक करता येणार नाही. या दोन अटी वेगवेगळ्या आहेत. "मी भाडे घेत नाही, माझाच माल नेतो" हा युक्तिवाद पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या व्हॅनमध्ये रोज खोकी भरणारे अनेक जण करतात. तो फक्त पहिल्या अटीला उत्तर देतो. दुसरी अट जागच्या जागी राहते आणि अपघातानंतर नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर नेमके तेच विचारतो, गाडीत काय होते?

थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. पॉलिसी आहे म्हणजे आपण सुटलो, असे मात्र नाही. अपघातात दुसऱ्याचा मृत्यू झाला किंवा तो जखमी झाला तर भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. चालकाकडे वैध परवाना नव्हता किंवा गाडीला परमिटच नव्हते असे निघाले, तर पीडिताच्या हितासाठी न्यायालये अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतात आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे पीडिताला न्याय मिळतो, तो योग्यच. पण हप्ता भरूनही मालकाच्या नावावर लाखोंची वसुली निघते. ज्यांची दुकानाची उलाढालच तेवढी नसते, त्यांच्याबद्दल मी बोलतो आहे.

परवान्याबाबत एक दिलासा आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची वाहतुकीची गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले. त्या मुद्द्यावर दावा नाकारला असेल तर गप्प बसू नये. पासिंगची, म्हणजे फिटनेस तपासणीची, तारीख उलटू देण्याला मात्र असा दिलासा नाही. फिटनेस प्रमाणपत्र नसलेली वाहतुकीची गाडी कायद्याच्या नजरेत वैध नोंदणीचीच धरली जात नाही.

आता 'स्वस्त' विम्याविषयी. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवते. २०२२ च्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या भाडोत्री मालवाहू गाडीसाठी तो १६,०४९ रुपये होता. त्यात एजंट एक रुपयाही कमी करू शकत नाही. मग "शेजारच्यापेक्षा चार हजारांनी कमी करून देतो" हे कुठून येते? कधी ती सरळ सूट असते, पण पुष्कळदा आपल्याच गाडीच्या संरक्षणातून कापलेले असते. आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, खाली आणली की हप्ता उतरतो. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर हाती तीच खाली आणलेली किंमत येते.

दुसरी काटछाट 'आयएमटी २३' या जोडकलमाची. व्यावसायिक गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचे नुकसान दोन्ही धरणाऱ्या) दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचे अपघाती नुकसान एरवी धरलेले नसते. गाडी पूर्ण निकामी झाली तर गोष्ट वेगळी. शहरातल्या रोजच्या धडकेत दुसरे काय तुटते? जादा हप्ता भरून हे कलम घेतले तर त्यांची भरपाई मिळते. आपल्या पॉलिसीत ते आहे का, असे विचारल्यावर बहुतेक मालक "फुल इन्शुरन्स आहे ना" म्हणतात. फुल इन्शुरन्स नावाची पॉलिसी कुठल्याही कंपनीच्या दरपत्रकात मी पाहिलेली नाही.

तिसरी बाब माणसांची. पगारी चालक, क्लीनर, हमाल किती जण धरले आहेत ते पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या तक्त्यात, लिहिलेले असते. मालगाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला तर कायदा त्याला संरक्षण देतो. वाटेत हात दाखवून चढलेल्या प्रवाशाला देत नाही. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण गाडी भागीदारी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर ते मिळत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी गाडी फर्मच्या नावावर घ्या असा सल्ला आमच्याच व्यवसायातले लोक देतात आणि ही बाजू सांगायची राहते. अशा वेळी मालकाने स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी. गाडीतला माल या कशातच येत नाही, त्याला वाहतूक विमा निराळा.

जुना टेम्पो घेणाऱ्यांनी एक तारीख पाळावी. हस्तांतरणानंतर चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज गेला पाहिजे. थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही.

कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. वापराची मर्यादा, आयडीव्ही, जोडकलमे आणि धरलेली माणसे, या चार गोष्टी पहिल्या पानावर ठळक मराठीत छापा. विकताना मराठीत बोलता, मग लिहून द्यायला काय हरकत आहे?

दावा अन्यायाने नाकारला गेला आणि कंपनीकडे लेखी तक्रार करूनही महिनाभरात दाद मिळाली नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येते. एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांनाही ती वाट खुली आहे. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही. मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची. वकील लागत नाही. खरे तर तिथे तो चालतही नाही.

आपला,
एक हिशेबनीस वाचक