फरशीवरच्या डागांचं काय

पुणे, गुरुवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. गोदाम आगीत गेलं ते गेलंच, वर विमा कंपनीच्या तपासनिसानं फरशीवरचे काळे पट्टे बघून ‘रॉकेल ओतलंय’ म्हणावं! सर्व्हेअरच्या कामात माझं आयुष्य गेलंय. नुसत्या पट्ट्यांवरून असं म्हणता येत नाही, सुधीर.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये १९९० साली लाइम स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागून सहा माणसं गेली. घरातल्या माणसावर खुनाचा आरोप आला. तो म्हणत होता, पोराच्या खेळात सोफा पेटला. पण जमिनीवर पेट्रोल ओतल्यासारखे पट्टे होते. सरकारी पक्षानं जॉन लेंटिनी हा खासगी तज्ज्ञ बोलावला. जवळच तशाच बांधणीचं एक मोडकळीला आलेलं घर होतं. तिथे तसंच सामान मांडून नुसता सोफा पेटवला, पेट्रोलचा थेंबही न वापरता. पाच मिनिटांच्या आत खोली भडकली आणि जमिनीवर तसेच पट्टे उमटले! आरोप मागे घेतला गेला. ज्यांनी नेमलं त्यांच्याच विरुद्ध जाणारं उत्तर आलं, तरी ते दडपलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

असं होतं कारण गरम धूर छताखाली साठत जातो, त्याचा थर खाली उतरतो आणि त्याच्या धगीनंच खालच्या वस्तू जवळपास एकदम पेट घेतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आग हवा मिळेल तिथे, म्हणजे दारा-खिडकीपाशी, जास्त खाते. म्हणून सगळ्यात खोल जळालेली जागा हीच सुरुवातीची जागा, असं धरता येत नाही. लास वेगासला २००५ साली ५३ तपासनिसांना अशी जळालेली खोली दाखवून विचारलं, आग कुठल्या चतकोरात लागली? फक्त तिघांचं उत्तर बरोबर आलं.

टेक्ससमधल्या कोर्सिकाना गावच्या विलिंगहॅम नावाच्या माणसावरही अशाच खुणांवरून स्वतःच्या तीन मुलींना जाळल्याचा ठपका आला. जेराल्ड हर्स्ट या रसायनशास्त्रज्ञानं मृत्युदंडाआधीच्या शेवटच्या दिवसांत, एक पैसा न घेता, त्यातली एकेक खूण खोडून काढली. काचेवरचे जाळीदार तडेसुद्धा तापलेल्या काचेवर पाणी पडलं की उमटतात. कुणी ऐकलं नाही. १७ फेब्रुवारी २००४ ला विलिंगहॅमला मृत्युदंड दिला.

तुझ्याकडे आलेल्या माणसानं नमुने कशात भरले ते आधी विचार. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीतून वाफ उडून जाते, हवाबंद डबा लागतो. शिवाय जिथे संशय नाही तिथलाही नमुना हवा, कारण जळलेल्या फोम-प्लॅस्टिकमधूनही पेट्रोलमध्ये असतात तशी काही रसायनं निघतात. दोन्ही ताडून बघितल्याशिवाय प्रयोगशाळेच्या अहवालाला अर्थ नाही. वायरच्या टोकाला तांब्याचा गोल मणी दिसला, तर तेव्हा तिच्यात वीज चालू होती एवढंच कळतं. शॉर्ट सर्किटनंच आग लागली, असं त्यावरून तूही म्हणू नकोस, कारण आगीनं वेष्टन वितळूनही तो मणी बनतो. आणि काहीच ठरत नसेल तर ‘कारण निश्चित करता आलं नाही’ असं अहवालात लिहायची धमक तपासनिसात हवी.

राखेला झाडू लावू देऊ नकोस. मीटर-बोर्ड आहे तसाच राहू दे, सगळ्या कोपऱ्यांचे फोटो काढ. अहवालाची प्रत लेखी मागून घे. मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय, सोबत बसून उत्तर लिहू. वहिनींना सांग, काळजी करू नका.

तुझा,
विनायक