मोटरहोमचा वायपर थांबला की दोष मोटरचाच असतो असे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोटरहोमची (राहण्याची सोय असलेल्या गाडीची) अंतर्गत सजावट, त्यातून केलेले प्रवास यांवर पुष्कळ लिहिले जाते. भर पावसात समोरच्या काचेवरचा वायपर अर्ध्यात थांबला तर काय तपासायचे, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. गॅरेजमध्ये बहुतेकदा एकच उत्तर ठरलेले असते : 'मोटर गेली, बदलून टाका.' नवी मोटर बसवली जाते, चार दिवस गाडी चालते आणि पुन्हा तेच. कारण बिघाड मोटरमध्ये नसतोच. तो अर्थिंगमध्ये (वीज बॅटरीकडे परत जाण्याच्या जोडणीत), जाम झालेल्या स्पिंडलमध्ये (वायपरचा आर्म ज्यावर बसतो त्या शाफ्टमध्ये) किंवा सैल झालेल्या एखाद्या नटमध्ये असतो.

साध्या कारची बॉडी लोखंडी असते, त्यामुळे मोटर बोल्टने आवळली की अर्थिंग बऱ्याचदा आपोआप मिळते. अनेक मोटरहोमचा पुढचा भाग फायबरचा असतो. तिथे मोटरची अर्थ वायर वेगळी ओढून थेट चॅसिसच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) लोखंडाला जोडावी लागते आणि नेमका तोच जोड चिखल-पाण्याच्या माऱ्यात गंजतो. शिवाय ब्लेड २८ ते ३२ इंच लांबीचे, काच अवाढव्य आणि गाडी वर्षातले कित्येक महिने एका जागी उभी. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर कारचा अनुभव इथे पुरत नाही.

तपासणीची सुरुवात कानाने करावी. किल्ली फिरवा, वायपरचा स्विच द्या आणि ऐका. मोटर फिरल्याचा आवाज येतो का?

आवाज येतो पण आर्म हलत नाहीत, म्हणजे विजेची बाजू ठीक आहे. दोष यांत्रिक आहे. दोन्ही आर्म थांबले असतील तर मोटरच्या शाफ्टवरच्या क्रँकचा (शाफ्टबरोबर फिरणाऱ्या आखूड दांडीचा) नट सैल झालेला असतो किंवा क्रँकजवळच्या लिंकेजचा (मोटर आणि आर्म जोडणाऱ्या सळ्यांचा) बॉल-जॉइंट प्लास्टिकच्या बुशमधून निसटलेला असतो. एकच आर्म थांबला असेल तर त्या बाजूचा स्पिंडल पाहा. स्पिंडल स्टीलचा आणि त्यावर बारीक दाते. आर्मचे बूड मात्र बहुधा मऊ ॲल्युमिनियमचे. नट सैल राहिला किंवा काचेला चिकटलेले ब्लेड ओढत वायपर सुरू झाला की दाते आर्मच्याच बाजूचे घासतात. ते फारसे झिजलेले नसतील तर तारेच्या ब्रशने भुकटी साफ करा, आर्म पुन्हा बसवून नट आवळा आणि दोन-तीन दिवसांनी तो परत तपासा. जास्त झिजले असतील तर आर्म बदलण्याला पर्याय नाही. मध्ये पत्रा किंवा कागद कोंबून केलेली जुळणी पुढच्याच सरीत सुटते. आर्म काढण्याआधी वायपर पार्क स्थितीत (बंद केल्यावर तो जिथे विसावतो त्या जागी) आणून काचेवर ब्लेडच्या रेषेत चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर परत बसवताना एक-दोन दाते इकडे-तिकडे होतात आणि दोन्ही ब्लेड एकमेकांवर आदळतात. लिंकेजमध्ये हात घालण्यापूर्वी फ्यूज काढलाच पाहिजे. त्या सळ्यांच्या सापटीत सापडलेले बोट मोटर सोडत नाही.

आवाजच नसेल तर आधी फ्यूज. तो उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा दुसरा लावा, मोठा अजिबात नको. पुन्हा उडाला तर लिंकेज मोटरपासून सोडवा आणि नुसती मोटर चालवून पाहा. मोकळी मोटर व्यवस्थित फिरली तर दोष बहुधा स्पिंडलमध्ये आहे. हाताने आर्म हलवून त्याचा अंदाज येतो : लिंकेज सुटलेले असताना आर्म सहज फिरायला हवा. ॲल्युमिनियमच्या घरात (ज्या नळीत स्पिंडल फिरतो तिच्यात) स्टीलचा शाफ्ट ओलाव्यात महिनोन्महिने न हलता राहिला की दोघांमध्ये पांढरी कडक भुकटी धरते आणि शाफ्ट आवळला जातो. मोटर मग जास्त करंट खेचते आणि फ्यूज उडतो. ज्या मोटरमध्ये तापल्यावर आपोआप तुटणारा ब्रेकर असतो, ती पाच-दहा मिनिटे चालून थांबते आणि गार झाली की परत चालते. हे लक्षण दिसले की स्पिंडलवर आधी संशय घ्या. उपाय वेळखाऊ आहे, पण खात्रीचा. गंज सोडवणारे तेल टाकून शाफ्ट पुढे-मागे हलवत राहा. मोकळा झाला की सर्क्लिप (शाफ्ट अडवून धरणारी कडी) काढून शाफ्ट बाहेर घ्या, बारीक पॉलिश पेपरने घासा, घराची आतली बाजू पुसा आणि लिथियम ग्रीस लावून परत बसवा. रबरी ओ-रिंग असेल तर नवी घाला, कारण पाणी तिथूनच आत शिरते. नुसते वरून तेल सोडून भागत नाही. ते पावसाने धुऊन जाते.

फ्यूज शाबूत असेल तर मल्टिमीटर घ्या. गाडीच्या राहण्याच्या भागातले दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक, अशी समजूत करून घेऊ नका. मोटरहोममध्ये राहण्याच्या भागाची आणि चॅसिसची बॅटरी वेगळी असते आणि वायपर सहसा चॅसिसच्या बॅटरीवर चालतो. १२ व्होल्टच्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५. बस-ट्रकच्या चॅसिसवरच्या काही गाड्या २४ व्होल्टच्या असतात, म्हणून मोटरवरची पट्टी आधी वाचा.

आता सर्वांत महत्त्वाचे. मोजमाप मोटरचा प्लग जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने मल्टिमीटरची पिन टेकवून घ्या. प्लग काढून मोजले तर वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्यातून करंट वाहतच नसतो. बरेच जण इथे फसतात. स्विच कमी वेगावर ठेवा. लाल पिन त्या वेगाच्या वायरवर आणि काळी मोटरच्या अर्थ वायरवर टेकवा. जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळत असूनही मोटर गप्प असेल तर दोष मोटरचा, बहुधा घासलेल्या कार्बन ब्रशचा (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या ठोकळ्यांचा). स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर हलके ठोकल्यावर ती फिरली तर दोष बहुधा ब्रशचाच. पण ती ओळख पटली एवढेच, दुरुस्ती झाली नाही. व्होल्टेज मिळत नसेल तर काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. आता मिळाले, म्हणजे अर्थिंग गेले. अर्धवट गंजलेला जोडही असाच सापडतो : मोटर चालू असताना तिची अर्थ वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जोड सोडवा, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, नवा थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावून आवळा आणि वरून ग्रीसचा थर द्या. वायपर संथ चालण्याचे कारणही कित्येकदा हेच असते.

स्विच बंद केल्यावर वायपर जिथल्या तिथे थांबत असेल तर पार्क सर्किटला (वायपर पार्क स्थितीत नेणाऱ्या वायरिंगला) वीज मिळत नाही किंवा मोटरमधला पार्क संपर्क खराब आहे. बंद करूनही थांबत नसेल तर रिले (विजेने चालणारा स्विच) चिकटलेला किंवा तोच संपर्क अडकलेला. दोन्ही वेग ठीक पण थांबून-थांबून चालणारा वेग बंद, तर मॉड्यूल (वायपर नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) किंवा त्याचा रिले पाहा. मोटरला हात लावू नका. मोटरला बॅटरीची थेट लाइन देऊन पाहायची असेल तर प्लग आधी काढा, वायरमध्ये योग्य फ्यूज घाला आणि अर्थही थेट द्या. नाहीतर उलट शिरलेला करंट मॉड्यूल जाळू शकतो.

गाडी उभी असली तरी महिन्यातून एकदा काच भिजवून वायपर दोन-तीन मिनिटे चालवावा. कोरड्या काचेवर चालवलेला वायपर रबर फाडतो आणि अडकलेल्या वाळूच्या कणाने काचेवर कायमची कमान कोरतो.

आपला नम्र,
एक वाहन-दुरुस्ती तंत्रज्ञ