मदत मागणाऱ्याच्या घरातला टीव्ही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी शेजारच्या घरातला ५० इंची टीव्ही भिंतीवरून उतरवला. त्यात बिघाड काही नव्हता. दुपारी त्या घरी शिक्षणाला मदत करणाऱ्या एका संस्थेची माणसं घरभेटीला येणार होती, त्यांच्या नजरेला तो पडू नये एवढ्यासाठीच वहिनींनी मला बोलावलं होतं. चादरीत गुंडाळून टीव्ही माझ्या दुकानात आणला. भिंतीवर ब्रॅकेटची चार भोकं उरली, त्यांच्यावर वहिनींनी देवीचं कॅलेंडर लावलं.

कोपरखैरण्यात टीव्ही दुरुस्तीचं माझं दुकान १९९६ पासून आहे. वडील माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला. पाटण तालुक्यातलं गाव सोडून आम्ही १९९१ साली इथे आलो, तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत एकच रंगीत टीव्ही होता. संध्याकाळी ज्यांचा तो होता ते काका टीव्ही स्टुलावर ठेवून त्याचं तोंड दाराकडे करायचे आणि आम्ही बाहेर पोती अंथरून बसायचो. त्यांनी कधी दार लोटून घेतलं नाही. मी आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड घेतला तो त्या टीव्हीमुळे. त्यांचा टीव्ही एकदा बंद पडला, मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं आणि मी दोन तास तिथून हललो नाही.

आता ज्या घराविषयी लिहितो आहे ते घर. वडील माथाडीच. मणका सरकल्यापासून पन्नास किलोची गोणी उचलणं बंद झालं, त्यामुळे पाळ्या निम्म्यावर आल्या. वहिनी डबे करतात. आजी आहे, तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दोन मुलं. राहायला दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. थोरली मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तिला नर्सिंगची पदवी करायची आहे. फी, हॉस्टेल, युनिफॉर्म धरून पहिल्या वर्षाचा आकडा लाखाच्या वर जातो. म्हणून तिने दोन संस्थांकडे मदतीचे अर्ज केले.

पहिल्या संस्थेचे दोघे आले, चहा घेतला, कागद पाहिले, सगळं नीट विचारलं. उठता उठता त्यांच्यातल्या एकाने फॉर्मच्या कडेला पेनाने काहीतरी लिहिलं. मुलगी समोर बसली होती, तिने ते उलटं वाचलं : ‘५० इंची टीव्ही’. आठ दिवसांनी फोन आला की घरची परिस्थिती तशी ठीक दिसते, आमच्याकडे याहून गरजू मुलं आहेत. मुलीने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. ‘काका, टीव्ही विकला तर किती येतील?’ एवढंच तिने विचारलं.

तिला जे उत्तर दिलं तेच इथे लिहितो, कारण हा हिशेब मला पक्का ठाऊक आहे. टीव्ही गेल्या वर्षीच्या दसऱ्याला घेतलेला, कमी-जास्त २९ हजारांचा, बारा हप्त्यांत. हप्ते अजून संपलेले नाहीत. वापरलेल्या टीव्हीला बाजारात भाव नसतो. नऊ-दहा हजार मिळाले तरी नशीब. तेवढ्यात तिच्या हॉस्टेलचे दोन महिने निघतील की नाही शंकाच आहे. उलट २९ हजारांचा तो टीव्ही नीट वापरला तर सहा-सात वर्षं चालतो, म्हणजे पाच माणसांच्या करमणुकीचा खर्च महिन्याला चारशेच्या आसपास.

मोठाच घ्या, हा सल्ला माझा होता. त्याआधी त्यांच्याकडे २४ इंची होता. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीचे धडे लागायचे, तेव्हा धाकटा दुसरीत होता. घरात मोबाइल एकच, तो वडिलांबरोबर मार्केटात. पोरगा त्या २४ इंचीपुढे वही घेऊन बसायचा. त्या दिवसांत अर्धं शटर ओढून मी जुने टीव्ही दुरुस्त करत होतो, माणसं हात जोडून सांगायची, आधी आमचा करून द्या, पोराचा अभ्यास बुडतोय. टीव्ही ही चैन आहे असं तेव्हा मला कोणी म्हणालं नाही.

आजीला खालची पट्टी वाचता येत नाही, पडद्याला नाक लावून बसते, म्हणून मोठा घ्यायचं ठरलं. शिवाय टीव्हीचं माप तिरकं घेतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ५० इंची म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अख्खी भिंत येते, पण त्याची रुंदी साडेतीन फुटांहून जराशी जास्त भरते. पाच माणसं, कोणी कॉटवर, कोणी खाली, कोणी उंबऱ्यात पाट टाकून बसलेलं, सात-आठ फुटांवरून. त्या खोलीला तो टीव्ही बरोबर आहे. ४३ इंचीत आणि त्यात सहा-सात हजारांचा फरक होता, मी म्हटलं, घ्याच.

मोठ्या टीव्हीचा दर कमी होण्याचं एक कारण कराचंही होतं. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्याला २८ टक्के, अशी विभागणी होती. म्हणजे ३२ पर्यंत गरज आणि पुढे चैन, ही रेघ सरकारदरबारीही ओढलेली होती. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठे टीव्हीही १८ टक्क्यांत आले आणि सरकारने ती रेघ पुसली. लोकांच्या मनातली अजून जागच्या जागी आहे. त्याच्या आधीची गोष्ट. २००२ मध्ये दारिद्र्यरेषेची ग्रामीण पाहणी झाली तेव्हा त्या यादीत टीव्ही, पंखा, कुकर, रेडिओ यांची नोंद व्हायची. जितक्या वस्तू जास्त तितके गुण जास्त, आणि गुण वाढले की माणूस कमी गरीब. गावी चुलत्यांकडे मी दुरुस्त करून पाठवलेला जुना ब्लॅक अँड व्हाइट होता. पाहणीवाले येणार म्हणताच काकूने तो धान्याच्या कणगीमागे सरकवला. हे मी हसत ऐकलं होतं. गेल्या महिन्यात टीव्ही चादरीत गुंडाळताना काकू आठवली आणि हसू आलं नाही.

माझं निम्मं काम आता पाम बीच रोडच्या इमारतींत असतं. तिथे मी ७५ इंची, ८५ इंची टीव्ही लावतो. एकदा ८५ इंचीचा खोका लिफ्टमध्ये मावेना, चौघांनी मिळून जिन्याने अकरा मजले चढवला. हॉलमध्ये टीव्ही दिसणं बरं नाही म्हणून तो सरकत्या फळ्यांमागे बसवून घेणारीही घरं आहेत, त्याच घरांत प्रत्येक बेडरूममध्ये वेगळा टीव्ही असतो. त्यांच्या पैशाने त्यांनी घेतलं, माझं काही म्हणणं नाही, उलट त्यावर माझं घर चालतं. वाशीला एक निवृत्त शिक्षक दांपत्य आहे, त्यांच्याकडे टीव्हीच नाही, भिंतभर पुस्तकं आहेत. मी फक्त रेडिओ दुरुस्त करायला जातो, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण यांपैकी कोणत्याही घरी टीव्हीवरून माणसाची लायकी ठरवायला कोणी येत नाही. पाम बीच रोडच्या अशाच एका घरी मी भिंतीला ड्रिल मारत होतो, तेव्हा बाई पाहुण्यांना म्हणाल्या, ‘यांच्या वस्त्यांमध्ये जाऊन बघा, खोली एवढीशी आणि टीव्ही केवढा.’ मी स्क्रू आवळत राहिलो. तेव्हा बोललो नाही म्हणून आज लिहितो आहे.

बाई, गेल्या तीस वर्षांत टीव्ही स्वस्त झाला. खोली महाग झाली, कॉलेज महाग झालं, दवाखाना महाग झाला. गरिबाच्या घरात तुम्हाला जे दिसतं ते स्वस्त झालेलं असतं. जे महाग झालं ते त्याच्याकडे नसतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पोरीला अभ्यासाला टेबल नाही, कारण टेबलाला जमीन लागते. टीव्हीला भिंत पुरते.

हप्त्यांच्या नादाने बुडालेली घरंही मी पाहिली आहेत. ‘शून्य व्याज’ म्हणतात, पण प्रोसेसिंग फी घेतात आणि एक हप्ता चुकला की दंड लावतात. एक टीव्ही फिटायच्या आत दुसरा फोन घेऊ नका, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. कोपरखैरण्याहून नेरूळ तिसरं स्टेशन. आमच्या गल्लीतल्या पोरींपैकी एकीकडेही तिकीट नव्हतं. सगळ्या त्या मुलीच्याच घरी जमल्या, उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. आपण ५२ धावांनी जिंकलो, आणि ज्या आजीला क्रिकेटचं ओ की ठो कळत नाही तिने पोरींच्या हातावर साखर ठेवली. टीव्हीचं तोंड तेव्हाही दाराकडे केलेलं होतं, १९९१ सारखं.

शिक्षणासाठी मदत करणाऱ्या संस्थांना आणि व्यक्तींना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्यामुळे अनेक पोरं शिकली, मला माहीत आहे. घरभेटीला जरूर या. घरभाडं विचारा, कर्ज विचारा, कमावणारी माणसं किती आणि आजारी किती ते विचारा, वडिलांच्या कामाच्या पाळ्यांची नोंद बघायला मागा. टीव्हीची नोंद करायचीच असेल तर तो कितीला घेतला आणि हप्ते किती राहिलेत हेही त्याच ओळीत लिहा. आणि ती नोंद मुलीसमोर लिहू नका.

भिंत मोकळी करून मी एका खोट्याला हातभार लावला. मला त्याची लाज वाटते. ती मुलगी चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. आपण चोरी केल्यासारखं वाटतं, म्हणाली. दुसऱ्या संस्थेची माणसं आली, कॅलेंडर पाहिलं, चांगलं बोलून गेली. उत्तर अजून यायचं आहे. ते येईपर्यंत टीव्ही परत लावायचा नाही, असं वहिनींनी ठरवलंय. म्हणून मी तो दुकानात मागच्या भिंतीला टेकवून जोडून दिलाय. संध्याकाळी सात वाजता आजी काठी टेकत येते, मी स्टूल पुढे करतो.

आपला नम्र,
एक टीव्ही मेकॅनिक, कोपरखैरणे
(त्या मुलीच्या अर्जाला बाधा येऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)