वाद ३६० रुपयांचा, अडकले ६१ हजार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. गेली अकरा वर्षं चालवते. माझ्याकडे दोघी जणी कामाला आहेत. सकाळी साडेसहाला कणीक भिजते, साडेअकरापासून डबे जायला लागतात. रोजचा गल्ला सरासरी साडेपाच हजारांचा, आणि त्यातले पाचातले चार रुपये तरी आता मोबाइलवरून येतात. निवडणुकीच्या काळात तुमच्या पानांवर मतदारांचे मुद्दे म्हणून रस्ते, पाणी, कचरा, पार्किंग सगळं वाचलं. ते हवंच. पण मला जो मुद्दा गेले चार महिने झोपू देत नाही, तो, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या गोठवल्या जाणाऱ्या बँक खात्यांचा, कुठेच दिसला नाही, म्हणून हे पत्र.

२८ जुलै २०२५, श्रावणातला पहिला सोमवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. आमच्याकडे त्या दिवशी तवा ठेवत नाहीत, चिरत-कापत नाहीत. पुरणाची दिंडं उकडतात. मला एकशेऐंशी दिंडांची ऑर्डर होती. हरभरा डाळ आणि गूळ आणायला बाजारात गेले, माल रिक्षात चढला, मोबाइलवरून पैसे पाठवले तर जाईनात. तीनदा केलं. दुकानदार ओळखीचे, म्हणाले, "वहिनी, सर्व्हर डाऊन असेल, उद्या द्या." मीही तेच समजले. संध्याकाळी बँकेत गेले तेव्हा कळलं की सर्व्हरचं काही नाही, माझं खातंच गोठवलंय.

काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन वळवून दाखवली. 'डेबिट फ्रीज' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. म्हणजे खात्यात पैसे येऊ शकतात, जाऊ शकत नाहीत. दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांकडून सूचना आली होती. तिकडे कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली, ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरत गेले, आणि त्या साखळीतल्या कुणीतरी माझ्याकडून चार डबे नेले होते. नव्वद रुपयांप्रमाणे ३६० रुपये. बँकेच्या भाषेत मी चौथ्या 'लेयर'ला होते.

माझ्या खात्यात त्या दिवशी ६१ हजार रुपये होते. ते सगळे अडकले.

मी विचारलं, ३६० बाजूला ठेवा, बाकीचे तर माझे आहेत ना? उत्तर आलं, त्या पोलीस ठाण्याची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणा. त्या ठाण्याचा फोन दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला तर त्यांची भाषा मला येईना आणि माझी त्यांना. भाच्याने इंग्रजीतून मेल केले. छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं 'उद्यम' प्रमाणपत्र, अन्न परवान्याची नोंदणी, आधार, आणि डब्यांच्या वहीचं पान. त्या वहीत त्या तारखेला माझ्याच अक्षरात '४ डबे, रस्सा जास्त' असं लिहिलेलं आहे. त्या पानाचा फोटो काढून हजार किलोमीटरवरच्या पोलिसांना पाठवताना मला फार लाज वाटली. गुन्हा केला नव्हता, तरी वाटली.

पैसे येत राहिले, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. काउंटरवरचं साउंडबॉक्स दर पाच मिनिटांनी 'नव्वद रुपये प्राप्त झाले' असं सांगत होतं आणि त्यातला एक रुपयाही माझ्या हाती येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्यूआर कोडवर कागद चिकटवला. 'फक्त रोख.' कॉलेजची मुलं यायची, खिसे चाचपायची आणि परत जायची. आजकाल त्यांच्या खिशात पैसे नसतातच. व्यावसायिक सिलिंडर संपला तेव्हा शेजारच्या चहावाल्या काकांनी त्यांचा भरलेला दिला. दोघींचे पगार द्यायला पतसंस्थेत पाटल्या ठेवून सोनेतारण घेतलं. दरमहा वीस जणींची तीन-तीन हजारांची भिशी माझ्याच खात्यात जमते. ऑगस्टची भिशी सगळ्यांकडून रोख घ्यावी लागली, आणि वीस घरांत कारण सांगावं लागलं. 'पोलिसांनी खातं बंद केलं' हे वाक्य बाईने उच्चारलं की समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते मी वीस वेळा पाहिलं.

एक वकील रोज माझ्याकडून भाकरी नेतात. त्यांनी समजावलं की तपासासाठी मालमत्ता ताब्यात घ्यायचा पोलिसांचा अधिकार आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच, अशाच गोठवलेल्या खात्यांच्या प्रकरणांत, वादातली रक्कम तेवढीच थांबवा, बाकीचं खातं चालू द्या, असं सांगितलं होतं. मी त्यांना विचारलं, मग साताऱ्यात हे का लागू होत नाही? ते म्हणाले, त्यासाठी तुम्हाला कोर्टात जावं लागेल. ३६० रुपयांसाठी उच्च न्यायालय. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची तर आधी बँकेला लेखी कळवून तीस दिवस वाट पाहायची. तीस दिवस माझा गॅस कोण भरणार?

३ सप्टेंबरला, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, खातं सुरू झालं. सदतीस दिवसांनी. कारण काय, तर तिकडच्या ठाण्याने अखेर बँकेला कळवलं की ३६० रुपये होल्डवर ठेवून बाकीचा व्यवहार मोकळा करा. मी पहिल्या दिवशी काउंटरवर उभी राहून जे मागितलं होतं, तेच. गौरीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डर मात्र तोवर दुसरीकडे गेल्या होत्या.

कुणी म्हणेल, मग क्यूआर काढून टाका. मी काढणार नाही. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, उधारी निम्म्यावर आली, रात्री गल्ला मोजत बसावं लागत नाही. आणि चोरांची खाती गोठवू नका असं तर मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला 'डिजिटल अटक' झाल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर दोन दिवस घरात बसवून ठेवलं होतं. शेवटचे पैसे पाठवल्यावर त्यांच्या मुलीने तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, म्हणून त्यातली काही रक्कम तरी पुढे जायची थांबली. देशात २०२४ या एका वर्षात लोकांचे २२ हजार ८०० कोटींहून अधिक रुपये सायबर चोरांनी लुबाडले, हे सरकारने संसदेत सांगितलं आहे. तेव्हा पैसे थांबवण्याची यंत्रणा वेगवानच हवी. माझं म्हणणं एवढंच की जितक्या वेगाने खातं बंद होतं, तितक्याच वेगाने खऱ्या-खोट्याची तपासणी व्हायला हवी. बंद करायला एक मिनिट आणि उघडायला सदतीस दिवस, हा नियम कुणी केला? की नियमच नाही, म्हणून असं होतं?

नगरपालिकेचा प्रचार नुकताच झाला. उमेदवार गल्लीत आले, मी प्रत्येकाला हे विचारलं. एक म्हणाले, "ताई, हा विषय दिल्लीचा." दुसरे म्हणाले, "हे पोलिसांचं काम, आपण कसं बोलणार?" बँक म्हणते पोलीस, पोलीस म्हणतात बँक. पेमेंटचे नियम केंद्राचे, पोलीस राज्याचे, मी मात्र दोन्हीकडची मतदार. त्या उमेदवारांना दोष देत नाही, त्यांच्या हातात खरंच नाही. पण ज्यांच्या हातात आहे, त्या आमदार-खासदारांच्या जाहीरनाम्यांत डिजिटल इंडियाचं कौतुक असतं, त्याच डिजिटल व्यवहारात अडकलेल्या माणसाने कुठल्या दारात जायचं, याची एक ओळ नसते.

त्याच जुलैमध्ये बंगळुरूचं प्रकरणही तुमच्याच पेपरात वाचलं होतं. कर्नाटकच्या कर खात्याने मोबाइलवरून आलेल्या पैशांची बेरीज करून छोट्या दुकानदारांना, बेकरीवाल्यांना, चहावाल्यांना मागच्या चार वर्षांच्या जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. लोकांनी क्यूआर काढून 'नो यूपीआय, ओन्ली कॅश'च्या पाट्या लावल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांना बैठक घेऊन जुनी वसुली करणार नाही असं सांगावं लागलं. माझा हिशेब करून पाहा. माझी वर्षाची विक्री सतरा लाखांच्या आसपास. खानपान सेवेत जीएसटी नोंदणीची मर्यादा वीस लाखांची, म्हणजे मी मर्यादेच्या आत आहे. पण खात्यात मोबाइलवरून काय येतं? विक्रीतले पावणेचौदा लाख आणि वर जवळजवळ सात लाखांची भिशी, जी आली त्याच दिवशी नंबर लागलेल्या बाईला जाते. मिळून वीस लाखांच्या पुढे. बेरीज करणाऱ्या संगणकाला भिशी कळत नाही. कर भरायला माझी ना नाही. मर्यादा ओलांडली तर मी स्वतः नोंदणीला जाईन. मात्र नुसत्या बेरजेवर नोटीस काढू नये, आधी एक साधं विचारणा-पत्र मराठीतून पाठवावं, असा नियम आपल्या राज्याने आताच करून ठेवावा.

आणखी एक गोष्ट मनात सलते. यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, हे जानेवारी २०२० पासूनचं धोरण आहे आणि ते माझ्यासारखीसाठी फार चांगलं आहे. २०२४-२५ साठी केंद्राने छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांपोटी १,५०० कोटींचं प्रोत्साहन मंजूर केलं. तो आपल्याच कराचा पैसा आहे, आणि रस्त्यावर खर्च व्हावा तसा तो इथे खर्च व्हावा असं माझं मत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयचे २,००० कोटींवर व्यवहार झाले, म्हणजे हा आता रस्ताच आहे. पण या रस्त्यावरचे ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार तेव्हा दोनच कंपन्यांच्या ॲपवरून होत होते. कुठल्याही एका ॲपकडे तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार असू नयेत, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. मोठ्यांना तो पाळायला वेळ लागतो म्हणून मुदत दोनदा वाढली. आता ती डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. मोठ्या कंपन्यांना सहा वर्षांची सवड मिळू शकते, तर पोळ्या विकणाऱ्या बाईला म्हणणं मांडायला सहा तासांची तरी मिळायला नको का?

मला काय हवं आहे ते स्पष्ट लिहिते. दुकानदाराच्या खात्यात संशयाचे जेवढे रुपये आले, तेवढेच थांबवावेत. त्याच दिवशी मराठीत संदेश यावा, ज्यात तक्रार क्रमांक, ठाणं आणि रक्कम असेल. मला बँकेत जाऊन स्क्रीन वळवून घ्यावी लागू नये. परराज्यातल्या ठाण्याच्या मागे धावण्याऐवजी मी साताऱ्याच्या सायबर पोलिसांकडे कागद दाखवीन, त्यांनी येऊन माझा तवा पाहावा, वही पाहावी आणि तिकडे कळवावं. आठ दिवसांत निकाल लागावा. यात अशक्य असं काय आहे, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या काउंटरवर आता डब्यांच्या वहीशेजारी दुसरी वही आहे. भाजीवाल्या मावशी, एक रसवंतीवाले, मोबाइल रिचार्जचा मुलगा, चपलांचे दुकानदार असे नाक्याच्या आजूबाजूचे सात जण निघाले, ज्यांची खाती कधी ना कधी अशीच गोठली होती. कुणी चार दिवस, कुणी तीन महिने. प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात तारीख, वादातली रक्कम आणि अडकलेली रक्कम लिहिली आहे. आमदार आणि खासदार दोघांच्या कार्यालयात या वहीची प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. २०२९ ला मत मागायला येतील तेव्हा ती पोच माझ्याकडे असेल.

ते ३६० रुपये आजही होल्डवर आहेत. ज्याचे गेले त्याला ते मिळावेत, मला परत नकोत.

आपली नम्र,
एक पोळी-भाजी केंद्रचालक, सातारा