फ्लॅट घेण्याआधी एवढं वाच

कोल्हापूर

प्रिय सुन्या,

काल फोनवर तू म्हणालास की सागरमाळचा फ्लॅट घ्यायलास आणि हप्ता भाड्यातनं सुटतोय, तेव्हापासनं माझं मन लागेना म्हणून रात्री कागद पेन घेऊन बसलो. बघ की भावा, कर्ज ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, म्हणजे हप्ता साधारण २६,००० आणि भाडं धरलंयस ११,०००. इथंच १५,००० खिशातनं जायलेत आणि अजून खर्च धरलाच नाही.

भाडं १२ महिन्यांचं धरू नकोस, ११ च धर, कारण भाडेकरू बदलला की रंग मारायला, नवीन माणूस मिळायला महिना जातोच. झाले १,२१,०००. त्यातनं मेंटेनन्स महिना दीड हजार, घरफाळा, एजंटाचं कमिशन, नळ-गिझर-वायरिंग, असं सगळं वर्षाला ४० हजार सहज होतं. उरले ८० हजार, म्हणजे महिन्याला पावणेसात हजारच्या आसपास. तेवढ्यात हप्ता बसवायचा तर कर्ज पावणेआठ लाखांचंच झेपतं, तीसचं नाही. आणि पहिल्या वर्षी भरतोस त्यातले अडीच लाख नुसतं व्याज रे.

माझं तुला माहीतच आहे. २०१९ च्या ऑगस्टात महापुराचं पाणी आमच्या शाहूपुरीतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधे शिरलं, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर म्हणून आत काही नाही आलं, पण मीटर बोर्ड गेला, पाण्याची मोटार गेली, भाडेकरू बायका-पोरांना घेऊन गावाकडं गेला तो परत आलाच नाही, त्याची तरी काय चूक. तीन महिने कुलूप. सोसायटीनं दुरुस्तीला माणशी १८ हजार काढले, डिपॉझिट त्याला परत द्यायचं होतं आणि ते मी आधीच खर्चून बसलो होतो, हप्ता मात्र ५ तारखेला खात्यातनं कापला जायचाच. शेवटी आईची एफडी मोडली. ती काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. २०२१ ला परत पूर आला तेव्हा सहा हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेले, म्हणून निभावलं.

व्याजदराचं पण ध्यानात घे, फ्लोटिंग म्हणजे बदलत राहणारा दर आहे ना तुझा? रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, एप्रिल २०२२ ला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा झाला. माझ्या बँकेनं हप्ता तोच ठेवला आणि वर्षं वाढवली, मला कळलं ते स्टेटमेंट काढल्यावर. भाडं काही त्या वेगानं वाढत नाही, चांगला माणूस टिकवायचा तर वर्षाला पाचशे वाढवताना पण विचार करावा लागतो. टॅक्सचं सीएला विचारच, नवीन रिजीममधे घरभाड्याचा तोटा, म्हणजे व्याज भाड्यापेक्षा जास्त गेलं की पडतो तो, पगारातनं वजा होत नाही.

घेऊच नको असं मी म्हणत नाही. गावाकडच्या जमिनीचे पैसे येणार आहेत म्हणालास, ते येऊ देत, डाउन पेमेंट वाढव, नाहीतर विद्यापीठाच्या बाजूला लहान वन बीएचके बघ, पोरं-नोकरदार तिकडं कायम शोधत असतात. आणि करार ११ महिन्यांचा, रजिस्टर करूनच, ती जबाबदारी मालकाची असते.

टोकन अजून दिलं नसशील तर शनिवारपर्यंत थांब. मी पासबुक आणि २०१९ ची सगळी बिलं घेऊन येतो, वहिनींना पण बसव सोबत.

तुझा,
राजू